जुन्या कंपनीनं चुकून जादा पगार टाकला? परत देण्याआधी आकडा पक्का करा

नोकरी सोडून महिना-दीड महिना झालेला असतो, नव्या ठिकाणी जम बसत असतो आणि जुन्या ऑफिसातून फोन येतो: "तुमच्या खात्यावर पगार जादा गेलाय, तेवढा परत टाका." कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, इचलकरंजीतले गारमेंटवाले, कुठंही विचारा, हा प्रकार नवा नाही. फोन आला की काही जण घाबरून सांगितलेली रक्कम त्याच संध्याकाळी पाठवतात, तर काही जण फोन उचलायचंच बंद करतात. दोघांचंही नुकसान होतं.

पैसे खरोखरच चुकून आले असतील तर ते परत द्यावे लागतात. यावर भांडून काही हाती लागत नाही. भांडायचं असेल तर आकड्यावर. कंपनी मागते ती रक्कम आणि तुम्ही खरंच देणं लागता ती रक्कम, या दोन्हींत बहुतेक वेळा फरक असतो, कारण मागणीचा आकडा घाईत, एक्सेलच्या एका रकान्यावरून काढलेला असतो. हा लेख मुख्यतः खाजगी नोकरीतल्या लोकांसाठी आहे. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा मामला निराळा, तो शेवटी घेतला आहे.

आधी कायदा, थोडक्यात

भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२: चुकून मिळालेले पैसे ज्याचे त्याला परत द्यावे लागतात. चूक कंपनीची होती, तुम्ही काहीच केलं नव्हतं, हा बचाव इथं चालत नाही. दावा लावायला कंपनीला तीन वर्षं असतात, आणि मुदत कायद्याच्या कलम १७ प्रमाणं ती चूक लक्षात आल्यापासून, किंवा नीट पाहिलं असतं तर लक्षात यायला हवी होती तेव्हापासून मोजतात. म्हणजे "वर्ष झालं, आता काय मागताय" असं म्हणून सुटका नाही.

पैसे आपले नाहीत हे कळल्यावरही मुद्दाम दडवून ठेवले तर गोष्ट फौजदारीकडं जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ अप्रामाणिकपणे मालमत्ता गिळंकृत करण्याबद्दल आहे. साध्या पगाराच्या चुकीत पोलिसांपर्यंत कुणी सहसा जात नाही, पण वकिलाच्या नोटिशीत हे कलम हमखास टाकलेलं असतं. ते वाचून हबकू नका. तुम्ही लेखी उत्तर देऊन हिशेब मागत असाल तर त्यात अप्रामाणिकपणा कुठं आला?

दुसरी बाजूही बघा. नोकरीत असताना जादा गेलेला पगार पुढच्या पगारातून कापून घ्यायची मुभा कंपनीला कायद्यानंच दिली आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. मात्र सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नोकरी सुटून हिशेब चुकता झाला की कंपनीच्या हातातली कात्रीच जाते. मग तिला तुमच्याकडं मागणी करावी लागते, नाहीतर कोर्टात जावं लागतं. नव्या कंपनीला फोन करून "याच्या पगारातून कापा" असं सांगायचा अधिकार तिला नाही, आणि तुमच्या संमतीशिवाय नवी कंपनीही असं कापू शकत नाही.

पायरी १: मागणी खरी आहे का, ते पाहा

जादा पगाराच्या नावाखाली फसवणूकही चालते. मेसेजमध्ये कंपनीचं नाव बरोबर, तुमचा हुद्दा बरोबर, आणि खाली एखादा क्यूआर कोड. म्हणून कुणाचंही ऐकण्याआधी स्वतःच्या खात्याचा उतारा काढा. पैसे आलेच नसतील तर विषय तिथंच संपला. आले असतील तर नोंदीच्या पुढचं वर्णन नीट वाचा: रक्कम कुणाच्या नावानं आली, एनईएफटीनं की बँकेतल्या बँकेत, आणि यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, काय.

एमआयडीसीतल्या ठेकेदाराकडच्या कामगारांनी इथं विशेष लक्ष द्यावं. काम एका कंपनीच्या गेटच्या आत, पगार ठेकेदाराच्या खात्यातून, आणि मधल्या काळात ठेकेदारही बदललेला. ज्याच्या खात्यातून पैसे आले, त्यालाच मागायचा हक्क. कंपनीचा सुपरवायझर "माझ्याकडं द्या, मी पोचवतो" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

फोन करणाऱ्याला सांगा, "कंपनीच्या ईमेलवरून लेखी पाठवा." ईमेल आली की तुमच्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर, मेसेजमधल्या नंबरवर नव्हे, फोन लावून खात्री करा. कुणी वैयक्तिक गुगल पेवर किंवा रोखीनं मागत असेल तर तिथंच थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

उलटही होतं. कंपनीच्या लक्षात यायच्या आधी तुम्हालाच दोन पगार जमा झालेले दिसतात. अशा वेळी स्वतःहून दोन ओळींची ईमेल टाकलेली बरी. रक्कम वेगळी काढून ठेवा, आणि त्या पैशावर गाडीचं डाउनपेमेंट वगैरे करू नका.

पायरी २: जादा आलं कशामुळं?

कारण कळल्याशिवाय आकडा तपासता येत नाही. नेहमी सापडणारी कारणं अशी:

- हजेरी २० किंवा २५ तारखेला बंद होते, त्यापुढचे दिवस भरलेले धरून पगार काढला जातो. तुम्ही मध्येच सोडलेलं असतं, पण सिस्टीममध्ये शेवटची तारीख कुणी टाकलेली नसते. सर्वांत जास्त वेळा हेच असतं.
- पगाराची फाइल बँकेत दोनदा चढते, आणि सारखीच रक्कम एक-दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा जमा होते.
- शिल्लक रजेचे पैसे मूळ पगारावर द्यायचे असताना एकूण पगारावर दिले जातात.
- ओव्हरटाइम दोन महिन्यांत दोनदा धरला जातो.
- उचल कापायची राहून जाते. लहान कारखान्यांत उचल मालकाच्या डायरीत असते आणि पगार कॉम्प्युटरवर, त्यामुळं हे सर्रास घडतं.

नोटीस पिरियड न भरल्याचे पैसे, जॉइनिंग बोनस परत करण्याची अट, ट्रेनिंगचा बाँड हे "जादा पगार" या नावाखाली मागितलं तर ते वेगळं काढा. ती चुकून झालेली रक्कम नाही. तो नेमणूकपत्रातल्या अटींचा वाद आहे आणि त्याचा निवाडाही वेगळ्या निकषांवर होतो. एकाच पत्रात सगळं मिसळून आलं असेल तर उत्तरात आधी ते सुटं करून मागा.

पायरी ३: कागद गोळा करा

- नेमणूकपत्र आणि शेवटचं पगारवाढीचं पत्र
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आणि एखाद्या महिन्यात बिनपगारी रजा पडली असेल तर त्या महिन्याचीही
- राजीनामा, तो स्वीकारल्याची ईमेल, कार्यमुक्तीचं पत्र
- शेवटच्या महिन्याची हजेरी किंवा पंचिंगचा उतारा
- फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाचा तक्ता
- बँकेचा उतारा, सोडण्याआधीच्या महिन्यापासून आजपर्यंतचा
- पीएफचं पासबुक
- फॉर्म १६, आणि आयकराच्या संकेतस्थळावरचा २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता)

पगारपावती कधी मिळालीच नसेल, निम्मा पगार बँकेत आणि निम्मा पाकिटात असेल, तरी अडू नका. बँकेचा उतारा आणि पीएफचं पासबुक यांवरून बरंचसं उभं करता येतं. पासबुकात दर महिन्याला किती पगारावर पीएफ भरला ते दिसतं.

पायरी ४: खरा फरक काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. उदाहरण घेऊ.

महिन्याचा एकूण पगार ३६,००० रुपये. त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १८,०००, घरभाडे भत्ता ९,०००, इतर भत्ते ९,०००. जून महिना, ३० दिवसांचा. शेवटचा दिवस १२ जून. कंपनीनं पूर्ण महिन्याचा पगार टाकला.

खात्यावर आलेली रक्कम: ३६,००० मधून पीएफ १२ टक्क्यांनी २,१६० आणि व्यवसाय कर २०० वजा, म्हणजे ३३,६४०.

यायला हवी होती ती: १२ दिवसांचा पगार १४,४००. त्यातला पीएफला धरायचा भाग ७,२००, त्यावर पीएफ ८६४. व्यवसाय कर तोच, २००, कारण पगार अजून १०,००० च्या वर आहे (कर्मचारी पुरुष धरला आहे; महिलांना २५,००० पर्यंत हा कर नाही). हातात १३,३३६.

फरक: ३३,६४० वजा १३,३३६, म्हणजे २०,३०४ रुपये.

आता कंपनीच्या पत्रात कोणते आकडे दिसू शकतात ते पाहा. ३६,००० वजा १४,४०० करून २१,६००. किंवा कंपनीनं भरलेला पीएफचा हिस्साही चढवून २२,८९६. एकाच चुकीचे तीन आकडे, आणि प्रत्येकाला काही ना काही आधार आहे.

२१,६०० आणि २०,३०४ यांतला १,२९६ रुपयांचा फरक म्हणजे तुमच्या पगारातून जादा कापून पीएफमध्ये गेलेली रक्कम. ती तुमच्या हातात आलीच नाही. पण ती आत्ता कुठं आहे, यावर सगळं अवलंबून आहे. कंपनी पीएफचा भरणा दुरुस्त करून ती रक्कम वळवून घेणार असेल, तर तुम्ही २०,३०४ द्यायचे. ती तुमच्या पीएफ खात्यातच राहणार असेल, तर ती तुम्हाला मिळालेलीच आहे, आणि मग २१,६०० मागणं गैर म्हणता येत नाही. दोन्हीकडून घेणं मात्र चालणार नाही. म्हणून लेखी विचारा: "जादा भरलेल्या पीएफचं काय करणार आहात?" हा प्रश्न विचारला की हिशेब करणारा माणूस तक्ता पुन्हा उघडतो.

कंपनीच्या हिश्शाचे १,२९६ मागितले असतील तर पीएफ योजनेतल्या नियमाकडं बोट दाखवा: मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही आणि दुसऱ्या मार्गानंही त्याच्याकडून वसूल करता येत नाही. भरणा जास्त झाला असेल तर त्यांनी तो पीएफ कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यावा.

पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्केही याच पद्धतीनं बघा. रक्कम किरकोळ असते, त्यावर फार वेळ घालवू नका.

३० की २६? हा दुसरा खड्डा. काही कारखाने महिन्याचा पगार ३० नं भागतात, काही २६ नं, आणि २६ नं भागताना रविवार धरत नाहीत. वरच्या उदाहरणात १२ दिवसांत दोन रविवार असतील तर कामाचे दिवस १०, आणि ३६,००० भागिले २६ गुणिले १० म्हणजे सुमारे १३,८४६. म्हणजे ५५४ रुपये कमी. कंपनी कोणती पद्धत वापरते हे तिच्या तोंडून ऐकू नका. बिनपगारी रजा पडलेल्या जुन्या महिन्याची पावती काढा आणि तेव्हा एका दिवसाचे किती कापले ते पाहा. तेव्हा ३० नं भागलं असेल तर आताही ३० च.

पगारातून टीडीएस, म्हणजे आयकर, कापला जात असेल तर तत्त्व पीएफसारखंच आहे. जादा पगारावरचा कर तुमच्या पॅनवर जमा झाला आणि २६एएसमध्ये तसाच राहिला, तर विवरणपत्र भरताना त्याचा फायदा तुम्हालाच मिळतो. तेव्हा ती रक्कम धरून परत करणं रास्त. कंपनी तिमाही विवरणपत्र दुरुस्त करून तो कर कमी करून घेणार असेल, तर तुम्ही हातात आलेलीच रक्कम द्यायची. जास्त पगाराच्या माणसाला हा फरक हजारांत जातो.

पायरी ५: तुमचं येणं त्यातून वजा करा

लोक जादा आलेल्या रकमेच्या भीतीनं स्वतःचं येणं विसरतात. शिल्लक रजेचे पैसे, प्रवासाची न दिलेली बिलं, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, हे सगळं पाहा. आणि बोनस! हिशेबाच्या वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल आणि पगार बोनसच्या मर्यादेत बसत असेल, तर मध्येच नोकरी सोडली म्हणून त्या वर्षाचा बोनस बुडत नाही. किमान दर ८.३३ टक्के. आपल्याकडं दिवाळीला हजर असलेल्यांनाच बोनस वाटायची रीत आहे, म्हणून सोडून गेलेले मागतच नाहीत.

समजा ९ दिवसांची रजा शिल्लक आहे आणि नेमणूकपत्राप्रमाणं ती मूळ पगारावर द्यायची आहे. १८,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला ६००, नऊ दिवसांचे ५,४००. वरचं देणं २०,३०४ वजा ५,४००, उरले १४,९०४. रक्कम एकदम खाली आली.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र वजावटीत टाकू देऊ नका. पीएफ कंपनीच्या ताब्यातला पैसा नव्हेच, त्यावर जप्तीसुद्धा आणता येत नाही. ग्रॅच्युइटी अडवायला कायद्यात जी कारणं आहेत ती गैरवर्तनाची आहेत, हिशेबनीसाच्या चुकीची नव्हेत. "पैसे द्या, मगच पीएफचं काम करतो" असं कुणी म्हणालं तर ऑफिसांच्या चकरा मारण्याआधी सरळ पीएफच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार टाका. तिथं नोंदणी क्रमांक मिळतो आणि पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर होतो.

पायरी ६: लेखी उत्तर द्या

पहिल्या उत्तरात "मी इतके देणं लागतो" असं लिहू नका. सहीनिशी दिलेली कबुली तारखेसह नोंदली जाते आणि तिच्यापासून तीन वर्षांची मुदत नव्यानं सुरू होते. आकडा तुम्ही तपासेपर्यंत एवढंच पुरे:

"महोदय, आपली दि. … ची ईमेल मिळाली. जून महिन्यात जादा रक्कम जमा झाल्याचं आपण कळवलं आहे. कृपया पुढील माहिती पाठवावी: (१) जमा रक्कम, तारीख व यूटीआर क्रमांक, (२) देय रकमेचा दिवसवार हिशेब व वापरलेला भाजक, (३) जादा भरलेला पीएफ व टीडीएस आपण दुरुस्त करणार आहात का, (४) माझी शिल्लक रजा, बोनस व इतर देणी. माहिती मिळाल्यावर हिशेब तपासून रक्कम व पद्धत कळवतो. हे पत्र कोणत्याही रकमेची कबुली नाही."

मराठीत लिहिलं तरी चालतं. इंग्रजीच पाहिजे असं काही नाही, फक्त आकडे स्पष्ट हवेत.

हिशेब आला की दुसरं पत्र पाठवा. त्यात स्वतःचा तक्ता जोडा, कुठल्या ओळीत फरक आहे ते दाखवा आणि तुमचा अंतिम आकडा लिहा. फोनवर तोडगा निघाला तर त्याच दिवशी ईमेल टाका: "आज आपलं असं ठरलं." मालक ओळखीचा असला, मामाच्या गावचा असला, तरी ही ईमेल टाकायचीच. ओळखीत हिशेब लेखी ठेवला की ओळखही टिकते.

पायरी ७: हप्ते, चेक आणि कोरी सही

पगार आला तसा घरात खर्च झाला, ही वस्तुस्थिती असते. तसं सांगा आणि हप्ते मागा. चूक कंपनीची असते, तेव्हा तीन-चार हप्त्यांना सहसा नकार येत नाही. १४,९०४ चे चार हप्ते म्हणजे दर महिना ३,७२६. तारीख तुमच्या नव्या पगारानंतरची ठरवा. करारात व्याजाची अट नसेल तर व्याज मान्य करू नका. स्वतःची चूक दुरुस्त करून घेताना कंपनी त्यासाठी ताणून धरत नाही.

कोरा चेक देऊ नका. पुढच्या तारखांचे चेकही शक्यतो टाळा. चेक परत गेला तर साधा पैशाचा हिशेब चेकविषयक कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी होतो: कंपनीची नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग कोर्ट, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा बँकेत दर महिन्याची स्थायी सूचना लावा. हप्त्यांच्या समजुतीसाठी स्टॅम्प पेपरवर पाचशे रुपये घालवायचीही गरज नसते, दोन्ही बाजूंची ईमेल बहुतेक वेळा पुरते.

अनुभवाचा दाखला किंवा कार्यमुक्तीचं पत्र अडवून हमीपत्रावर सही मागतात. सही करायचीच असेल तर आकडा लिहिलेला असू द्या. "कंपनी सांगेल ती रक्कम" असं वाक्य असलेल्या कागदावर सही नको.

पायरी ८: भरणा

ज्या खात्यातून पगार आला, त्याच कंपनीच्या खात्यावर, स्वतःच्या खात्यातून. शेऱ्यात "जून जादा वेतन परत, हप्ता १" असं काहीतरी ओळखू येईल असं लिहा. रोख नको. रोख द्यावीच लागली तर कंपनीच्या शिक्क्याची पावती हातात आल्याशिवाय नोटा काउंटरवर ठेवू नका.

कधी कधी बँकच परस्पर पैसे वळते करते किंवा खात्यावर होल्ड लावते. फाइल बँकेनंच दोनदा चालवली असेल तर ती स्वतःची नोंद उलटवू शकते. पण कंपनीनं नुसतं पत्र दिलं म्हणून तुमच्या संमतीशिवाय किंवा सक्षम आदेशाशिवाय पैसे काढणं योग्य नाही. शाखाधिकाऱ्याकडं लेखी कारण मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते.

शेवटचा हप्ता गेला की "कोणतीही येणी बाकी नाहीत" अशी ईमेल मागून घ्या. आली नाही तर तुम्हीच पाठवा: "आजअखेर पूर्ण रक्कम भरली आहे, यात काही फरक असल्यास पंधरा दिवसांत कळवावं." हा सगळा गठ्ठा निदान चार वर्षं ठेवा.

पायरी ९: कागदोपत्री दुरुस्ती झाली का?

परतफेड त्याच आर्थिक वर्षात, मार्चच्या आत झाली तर कंपनीला पगार आणि टीडीएस दुरुस्त करणं सोपं जातं आणि तुमचा फॉर्म १६ बरोबर येतो. एप्रिल उलटला की गुंता. जुन्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये न मिळालेलं उत्पन्न दिसत राहतं. तेव्हा कंपनीकडून सुधारित फॉर्म १६ मागा आणि मुदत असेल तोवर सुधारित विवरणपत्र भरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागणी आली असेल तर हप्ते लांबवण्याऐवजी मार्चअखेर भरून टाकणं पुष्कळदा स्वस्त पडतं, विशेषतः करपात्र पगार असेल तर.

दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडा. सोडल्याची तारीख बरोबर पडली आहे का? ती चुकीची, म्हणजे जूनअखेरची पडली असेल आणि नव्या कंपनीनं १५ जूनपासून भरणा केला असेल, तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि पीएफ ट्रान्सफर अडकू शकतो. जादा पगार परत देऊनही ही एक तारीख राहून जाते.

पायरी १०: चिघळलं तर

वकिलाची नोटीस आली तर तिच्यातल्या मुदतीत उत्तर द्या, शक्यतो वकिलामार्फतच, आणि आधी पाठवलेल्या ईमेल जोडा. तुम्हाला मान्य असलेली रक्कम नोटिशीच्या आधीच भरलेली असेल तर वाद उरतो तो हजार-दोन हजारांचा. त्यासाठी दावा लावायचा खर्च कुठल्याच कंपनीला परवडत नाही. म्हणून पूर्ण रकमेवर वाद असला तरी मान्य भाग अडवून ठेवू नका.

वकिलाची फी जड वाटत असेल तर कोल्हापुरात कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायची सोयही तिथंच आहे. अशा हिशेबाच्या वादाला ती जागा चांगली, तासाभरात आकडा ठरून सही होऊ शकते. उलट कंपनीनंच तुमचा राहिलेला पगार अडवला असेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. वेतन संहितेप्रमाणं राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी

इथं चूक बहुधा वेतननिश्चितीतली असते. एखादी वेतनवाढ चुकीच्या तारखेला लागलेली असते आणि निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक पडताळणीला गेलं की वसुली निघते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निकालात काही वसुल्या चालणार नाहीत असं सांगितलं: गट क आणि गट ड च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा वेतन दिलं गेलं असेल तर. खाजगी कंपनीतल्या माणसानं या निकालावर विसंबू नये.

खड्डा आहे तो हमीपत्राचा. वेतन आयोग लागू होताना "जादा रक्कम निघाल्यास परत करीन" असं लिहून दिलेलं असतं. २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली. म्हणून उत्तर लिहिण्याआधी सेवापुस्तकातलं स्वतःचं हमीपत्र आणि त्याची तारीख बघा. वसुली झाली तरी ती एकरकमी नको, हप्त्यांत करा असा अर्ज करता येतो.

आदेशाविरुद्ध कुठं जायचं? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि शिक्षक त्या न्यायाधिकरणात येत नाहीत, त्यांना उच्च न्यायालय. आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यानं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाला त्या याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही.